धुतलेला सरकारी डेरा

खून पाहिले, दरोडे पाहिले, पळवून नेलेल्या घोड्या सरहद्दीपलीकडून परत आणल्या. त्यातलं निम्मं आता विसरलो. पण एका सरकारी डेऱ्याचं, म्हणजे तंबूचं, प्रकरण डोक्यातून जाता जात नाही. तो वैशाख आठवला की आजही घशाला कोरड पडते.

निजाम सरकारचा अंमल होता. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यावर मी अमीन होतो, म्हणजे हल्लीचा फौजदार. तालुक्याचं नाव सांगत नाही. त्यातली माणसं गेली, पण त्यांचे नातू धडधाकट आहेत.

ऊन असं होतं की विहिरीतले बेडूक पाणी प्यायला ठाण्याच्या रांजणापाशी यायचे. जमादार त्यांना हुसकत नसे; म्हणायचा, "साहेब, फिर्यादी म्हनून आल्यात."

अशा उन्हात तालुक्याच्या कमिटीवर रयतेचा एक माणूस घ्यायचं निघालं. मतदान वगैरे काही नव्हतं. गावोगावच्या पाटलांनी आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांनी एक नाव पुढं करायचं, आणि अव्वल तालुकदारसाहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांनी, त्यावर मोहर उठवायची. नाव पुढं यायचं ते पंक्ती उठवून. उभे दोघे होते. एक बडे जमीनदार, त्यांच्याकडं मटणाची पंगत. दुसरे वकीलसाहेब, त्यांच्याकडं बुंदीची.

एका सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच जमीनदार ठाण्यात आले.

"अमीनसाहेब, तहसिलीतला डेरा कुनाचा?"

"सरकारचा."

"मंग त्यात वकिलाची बुंदी कावून? गोरगरीब म्हन्त्यात, सरकारनंच वकिलाला पसंत केलं. आमी काय मातीत जायाचं का?"

ते दारातून बाहेर पडतात तोच वकीलसाहेब आत. त्यांचीही हीच फिर्याद, फक्त उलटी. "सरकारी छताखाली बकरी शिजली, साहेब! सरकारी डेरा म्हणजे सरकारचा कौल. आणि डेऱ्यावरची सुभेदारसाहेबांची निशाणीही नष्ट झाली. चौकशी झालीच पाहिजे."

दोघांनी जिल्ह्याला मुहतमीमसाहेबांकडं, म्हणजे आमच्या वरिष्ठांकडंही, तक्रारी धाडल्या होत्या. तिकडून हुकूम आला: गुन्हेगार शोधा, आणि डेरा ज्याच्या ताब्यात त्या फर्राशाला कामावरून काढायची तयारी ठेवा.

फर्राश म्हणजे डेरे ठोकणारा, सतरंज्या अंथरणारा नोकर. सगळे त्याला मामू म्हणत. सगळी हयात साहेबलोकांसाठी खुंट्या ठोकण्यात गेली होती, आणि पुढच्या थंडीत त्याला वजीफा, म्हणजे पेन्शन, बसणार होता. डाग लागून निघाला असता तर वजीफा गेला असता. घरात म्हातारी आंधळी बायको. दुसरं कुणी नाही.

आता त्या निशाणीचं सांगतो. आमच्याकडं पंगतीतून उठलं की एका तांब्यात दहाजण हात बुचकळतात आणि जवळच्या कनातीला पुसतात. कनात म्हणजे डेऱ्याची कापडी भिंत. लग्नातली असो की तेराव्याची, तिच्यावर पंजे उमटलेलेच. सरकारी कनातीवर मात्र सरकारी पंजे. फार पूर्वी एका सुभेदारसाहेबांनी, म्हणजे तालुकदारांच्याही वरच्या अंमलदारांनी, जेवून हात पुसला होता, त्या रश्श्याचा पाचही बोटांचा पंजा अजून तिथं होता. नवा अंमलदार आला की मामू तो पंजा अदबीनं दाखवायचा. मला दाखवला तेव्हा मी सलाम केल्याचं आठवतं. बाकी त्या डेऱ्याला पाण्याचा थेंब कधी लागला नव्हता. त्यातली धूळ झटकली असती तर एखाद्याचं दोन एकर रान झालं असतं.

मी तहसिलीच्या कोठीत गेलो. मामूनं डेरा उलगडला आणि मी खाली बसलो. कनात बगळ्यासारखी पांढरी. सरकारी डेरा आणि धुतलेला! एवढ्या नोकरीत असा ढळढळीत पुरावा मला मिळाला नव्हता.

"मामू, पंजा कुठं गेला?"

"पुराना हुआ था, साब. उड़ गया."

"उडायला ती चिमणी होती का?"

तो कनातीची कड कुरवाळत राहिला. दरोडेखोरांना मी नुसत्या खाकरण्यानं बोलतं केलं होतं, पण या म्हाताऱ्यावर आवाज चढवायचा जीव होईना. रांजणातलं पाणी दिलं, शेजारी बसलो. मग हळूहळू निघालं. डेरा दोन्हीकडं गेला होता, आधी एकाकडं, मग दुसऱ्याकडं. तहसीलदारसाहेबांनीच सांगितलं होतं: जो येईल त्याला दे. कुणावर मोहर उठणार ते त्यांना ठाऊक नव्हतं, मग वाईटपणा कुणाशी घ्यायचा? दोन्ही पंगतींचे हात कनातीला पुसले गेले, तांबडे आणि पिवळे, आणि मामू घाबरून विहिरीवर जाऊन सगळंच धुऊन बसला.

"हुकुम जबानी था, साब," तो म्हणाला. "जबान तो पलट जाती."

पलटलीच होती. तहसीलदारसाहेबांनी मला वाळ्याचं सरबत पाजलं आणि 'डेरा' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा चेहरा केला.

राहता राहिले दोन फिर्यादी. दोघंही शपथेवर सांगत होते की आपण त्या डेऱ्यात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. मी तोच डेरा कचेरीच्या आवारात ठोकायला लावला आणि पंचनाम्याला दोघांनाही बोलावलं.

त्या डेऱ्याची एक खोड होती. दाराचा बांबू कधीतरी मोडला होता, तो तोडून बुटका केलेला. त्यावरचा आडवा वासा कनातीच्या झालरीआड लपलेला. नवा माणूस आत शिरला की कपाळावर टेंगूळ ठरलेलं. मला आलं होतं, जमादाराला आलं होतं. एका तालुकदारसाहेबांनाही आलं होतं, पण त्याची नोंद नाही.

मी आत बसलो. जमीनदार माझ्याशी बोलत बोलत आले आणि वर न बघता, पागोटं हातानं धरून, नेमके वाकले. मागून वकीलसाहेब, तेही वाकले. त्यांच्या मागून पंच म्हणून आणलेला तेली आला, आणि त्याचं कपाळ असं वाजलं की लिंबागणेशच्या देवळात कुणी घंटा बडवली असं वाटावं.

"पहिल्यांदाच आलात," मी दोघांना म्हणालो, "तरी वाकलात बरोबर."

"आमच्या गोठ्याचं दार बी खाली हाय, साहेब," जमीनदार म्हणाले.

"सरकारपुढं वाकणं ही आमची निष्ठा आहे," वकीलसाहेब म्हणाले.

तेली कपाळ चोळत म्हणाला, "मंग निष्ठा फकस्त माझीच कमी पडली का?"

त्यानंतर फिर्यादी मागं घ्यायला दोघंही तयार झाले. पण निशाणीचं काय? ते कलम वर गेलं होतं, उत्तर द्यावं लागणार होतं. दोघं लगेच एका आवाजात म्हणाले, "फर्राशानं धुतली. त्याला काढा, मिटलं."

तेवढी एकच गोष्ट मला मान्य नव्हती. मी म्हणालो, "मामूचं नाव आलं, तर तुमचं वाकणंही येईल. दोघांचं."

जमीनदारांनी पागोटं काढून पुन्हा बसवलं. मग जमादार दारातून म्हणाला, "साहेब, पाऊस लिवा."

आणि लिहिला. डेरा वाळवायला बाहेर टाकला असता अवकाळी पाऊस येऊन निशाणी धुऊन गेली, साक्षीदार जमीनदार आणि वकीलसाहेब. सही करतानाही दोघं भांडले. जमीनदारांना सर पुरेशी वाटत होती. वकीलसाहेबांना गारा पाहिजे होत्या, त्यानं म्हणे पुरावा बळकट होतो. शेवटी बारीक गारांवर तडजोड झाली.

मुहतमीमसाहेबांनी कागद वाचून मला विचारलं, "बीड में? बैसाख में?" मी दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघं एका पावसावर सही करतात म्हटल्यावर त्यांनी शेरा मारला आणि कागद दप्तरात गेला. थंडीत मामूला वजीफा बसला. कमिटीवर मोहर उठली ती तिसऱ्याच माणसावर, तहसीलदारसाहेबांच्या ओळखीच्या एका ठेकेदारावर.

या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं, की सरकारी वस्तू कुणी वापरली यावर मोठी माणसं भांडतात, पण ती ज्याच्या ताब्यात असते त्याचं काय होईल हे भांडणात कुणी विचारत नाही. खोटा पंचनामा केला याचा मला पस्तावा नाही. थकवा मात्र आला, तो अजून गेलेला नाही.

त्या साली मृग कोरडा गेला. आर्द्राही गेल्या. वैशाखातल्या पावसाची गोष्ट तोवर तालुकाभर झाली होती, पण फिरत फिरत तिचं काय झालं होतं ते मला ठाऊक नव्हतं. एका दुपारी धर्मापुरीकडून एक म्हातारा चालत ठाण्यावर आला. पायात काही नाही. माझ्या टेबलापुढं उभा राहून म्हणाला, "साहेब, तुमी लिवलं की पडतो म्हन्त्यात. वैशाखात पाडला. आता बी लिवा की."

जमादाराला हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. मी म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टा नव्हती. तो कागदाची वाट बघत होता.

मी उठून त्याला रांजणातलं पाणी दिलं. तो प्यायला, आणि ओले हात आमच्या दाराच्या पडद्याला पुसून पुन्हा तिथंच उभा राहिला.