कडेची नजर

बापू माझ्याकडे पाहायचे तेव्हा तोंड भिंतीकडे करायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा भलताच शिष्ट आहे. खरं म्हणजे शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती. समोर पाहिलं की चेहऱ्याच्या जागी काळा डाग. मान वळवली की तोच माणूस कडेनं थोडाफार दिसायचा.

बापू कबनूरला यंत्रमागांवर जॉबर होते, म्हणजे माग लावून देणारे, बिघडले की दुरुस्त करणारे. चालत्या मागावरचा तुटका धागा लांबून ओळखायचे. निवृत्तीनंतर शिवाजी पेठेतल्या घरात सहा महिने काच घासून त्यांनी स्वतःची दुर्बीण केली. मी भूगोलाचा मास्तर, पण आकाश मला पुस्तकातच भेटलेलं. एका हिवाळ्यात गारगोटीच्या पुढच्या माळावर ते मला देवयानी तारकासमूहातली एक अंधुक दीर्घिका दाखवायला घेऊन गेले. म्हणाले, "ताटातली भाकरी डोळ्यांम्होरं आडवी धरा. काय दिसतंय? नुसती कड. तशी हाय ती."

मी डोळा लावला. काही म्हणजे काही दिसेना. थंडीनं दात वाजत होते, म्हणून दिलं ठोकून, "दिसली!"

"कुठं?"

"बरोबर मधोमध."

"मास्तर, खोटं बोलतायसा. सरळ बगितलं की ती पळती. नजर जरा बाजूला न्या, मग येती."

मी ओशाळलो. नजर बाजूला नेली, आणि राखेचं बोट ओढावं तशी एक फिकट रेघ खरोखरच उमटली.

पुढे बापूंचे डोळे बिघडले. डॉक्टरांनी इलाज नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी दुर्बीण गोणपाटात बांधली. "घिऊन जावा शाळंत. मला आता काय उपेग तिचा?" हा माणूस असा हरलेला मला बघवेना. हट्टानं मी त्यांना आणि दुर्बिणीला पुन्हा माळावर नेलं. दीर्घिका शोधून दिली. बापू कितीतरी वेळ वाकून उभे होते. मला वाटलं, उगाच आणलं, जखमेवर मीठ चोळलं.

"हाय की!" ते एकदम ओरडले. "मास्तर, मधलं गेलंय, कड शाबूत हाय! आन् हिला कडच लागती!"

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. "कशी दिसतेय?"

"तिरकी. मधी वाईच फुगीर. माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"

तंतोतंत बरोबर होतं. मला रडू आलं, ते अंधारात खपून गेलं. दुर्बीण परत पेठेत आली.

बापू गेले त्याच्या दोन दिवस आधी मी त्यांना भेटायला गेलो. बोलणं थांबलं होतं. मी कॉटशेजारी बसलो, तशी त्यांनी हळूहळू मान भिंतीकडे फिरवली. सून बिचारी अवघडली.

"मामा, मास्तर आल्यात. इकडं बगा की."

"असू द्या वहिनी," मी म्हणालो. "माझ्याकडंच बघतायत ते."