क्लचखालचा नारळ

क्लचच्या पेडलखाली नारळ घेऊन मोटार हाणणारी बाई त्या काळी अख्ख्या सोलापुरात एकच होती, आणि ती मी. नातवंडांना वाटतं, आजी जन्मतःच शहाणी. त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

दसऱ्याला सकाळी मोटारीची पूजा मीच केली. हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली, राहिला नारळ. तो बाईनं फोडायचा नाही, असा रिवाज. आमचे हे डॉक्टर. नेमकं रोग्याकडचं बोलावणं आलं आणि हे टांग्यात बसून गेले. वाहिलेला नारळ घरात परत कसा न्यायचा? म्हणून मी तो मोटारीतच, पायांपाशी ठेवला. नारळ फुटल्याशिवाय मोटार हलवू नये हे मला ठाऊक होतं. पण दुपार झाली तरी हे येईनात, आणि माझे तळवे शिवशिवायला लागले. ड्रायव्हरचाचांना शेजारी बसवून निघाले वैरागच्या रस्त्याला. नारळ? तो डोक्यातून कधीच गेला होता.

मोटार शिकायला यांची परवानगी होती, पण एका अटीवर. "मोटार आपल्या चाकांनी घरी येते तोवर शीक. बैल जुंपून आणावी लागली की त्या दिवशी तुझं शिकणं संपलं." बैलांनी ओढलेली मोटार म्हणजे गावाला फुकटचा तमाशा, आणि यांना तमाशाचा तिटकारा.

परतताना उतारावर गिअर बदलायला क्लच दाबला, तर तो खाली जाईना. मला वाटलं, अडला असेल. मी कासोटा सावरला आणि टाच मारली. एकदा मारली, मग राग येऊन पुन्हा मारली. खाली काहीतरी कट्‌कन तुटलं आणि पेडल लुळं पडलं. मोटार आचके देत बंद पडली. चाचा वाकले, आणि पेडलखालून नारळ काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. त्याला ओरखडाही नव्हता.

"बाईसाब, ये काइकू रखे थे?"

मी म्हटलं, "पूजेचा आहे."

"हौ. अब मोटर की पूजा पूरी हुई."

बाजूच्या जोंधळ्यातून एक शेतकरी आला. "बाई, बैलं जुंपू का? घरापतूर सोडतो की."

"नको," मी म्हटलं. चाचांना विचारलं, "क्लचशिवाय गिअर पडत नाही का?"

"पडता है. बिगडता भी है."

"पडतो कसा, ते सांगा."

"तुम्ही सरका, मी नेतो," चाचा म्हणाले.

"दारात हे उभे असतील. मोटार मलाच नेऊ द्या."

चाचांनी पान तोंडात कोंबलं आणि शिकवणी सुरू झाली. पहिला गिअर टाकूनच स्टार्टर मारायचा. मोटार उडी मारून चालू लागते. वेग आला की रेस सोडायची, गिअरचा दांडा अलगद मधे आणायचा, इंजिनाचा आवाज उतरू द्यायचा आणि मग दुसऱ्यात सरकवायचा. मी घाईनं ढकलला. आत लोखंड दात खाऊ लागलं. चाचांनी कानावर हात ठेवले. दुसऱ्यांदा उशीर केला, तरी तेच.

"ढकलू नका. मिलना चाहिए दोनों का, इंजन का और गिअर का."

दोघांचं जुळणं! तेव्हा मला आठवली लहानपणची दोरी. दोघी मैत्रिणी दोरी फिरवायच्या आणि आपण बाजूला उभं राहून अंग तिच्या लयीत डोलवायचं. घाई केली तर दोरी पायांवर फटकन बसते. लय सापडली की आपण आत गेलो हे कळतही नाही. मी दांडा दोन बोटांत धरला, आवाज उतरताना ऐकत राहिले, आणि दांडा लोण्यात सुरी जावी तसा गेला.

चाचांनी खुशीत पानाची पिंक लांब टाकली.

खालचा गिअर अवघड. तिथं मधे आणून उलट रेस द्यायची, आवाज चढवायचा, मगच आत. चढावर दोनदा चुकले, मोटार थांबली, दोनदा पुन्हा स्टार्टर मारला. तिसऱ्यांदा साधलं.

गावात शिरले तर रस्ताभर माणसं, सोनं लुटून परतणारी. थांबले तर पुन्हा उडी मारत निघायला लागणार, आणि ती कुणाच्या अंगावर? पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं, भोंगा वाजवत, चुलत सासऱ्यांनाही बाजूला सारत मी फाटकातून आत आले आणि मोटार बंद केली.

हे पायरीवर, हातात आपट्याची पानं. चाचांनी नारळ त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, टाच मारल्याचंसुद्धा. यांनी वाकून लुळं पेडल हलवून पाहिलं, फाटकाबाहेर नजर टाकली. बैल नव्हते. मग फाटकाच्या दगडावर एका घावात नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला नारळ तूच फोड. माझी वाट बघत बसलीस तर मोटारीचा एकेक भाग फुटेल, आणि नारळ तेवढा शाबूत राहील."