सीडीवरची माझी सही

आमच्या इमारतीत अजूनही काही जणांची समजूत आहे, की तुळिंजच्या त्या फोटोवाल्याने मला डुप्लिकेट सीडी विकल्या. ही समजूत माझ्यामुळे झाली आणि ती खोटी आहे.

नोकरीत मी भांडारात आलेला माल तपासून ताब्यात घ्यायचो. वर चांगला आणि तळाला भलताच, असं इतक्यांदा पाहिलं होतं, की घरी भाजीच्या पिशवीतही आधी तळाशी हात घालायचो. तपासलेल्या वस्तूवर सही केली की मागाहून ती कोणी बदलू शकत नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

मुलाने डिजिटल कॅमेरा घेतला, त्या सुमाराची गोष्ट. गासला सासऱ्यांच्या वाडीत आम्ही एक दिवस काढला. फोटो म्हटलं की उठून जाणारे सासरे त्या दिवशी वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे तिथल्या तळ्याच्या, काठावर, पाण्याकडे पाठ करून, निमूट बसले. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. ते रिकामं करायचं तर फोटो सीडीवर उतरवायला हवे होते.

फोटोवाला आमच्याच इमारतीत राहायचा. त्याची बायको आणि माझी बायको मिळून पापड लाटायच्या. तरी मी त्याला तपासणीतून सोडलं नाही. दुकानात सुट्या सीडींची चळत होती आणि कपाटात वेष्टनातल्या. त्याने कपाटातल्या काढल्या.

"सुट्या का नकोत?" मी विचारलं.

"गाण्यांना चालतात. फोटो ठेवायचेत ना काका, या घ्या."

महाग माल गळ्यात मारतोय, मला वाटलं. "हे वेष्टन तूच घातलं नसशील कशावरून?"

"इतकं छान वेष्टन घालता आलं असतं तर भेटवस्तूंचं दुकान टाकलं असतं."

मी एक वेष्टन फोडून सीडी ट्यूबलाइटसमोर धरली. उजेड आरपार येत नव्हता, नुसती अंधूक झाक. वेष्टनातल्याच घेतल्या. फोटो उतरवल्यावर त्याने सगळे संगणकावर उघडून दाखवले. तरी उद्या तक्रार घेऊन गेलो, तर 'ही माझी सीडीच नव्हे' असं तो म्हणायला नको, म्हणून घरी येताच प्रत्येक सीडीवर बॉलपेनने सही केली. चकचकीत बाजू जपायची एवढं ठाऊक होतं, म्हणून छापील बाजूवर. गुळगुळीत पृष्ठावर शाई धरेना, तेव्हा जोर देऊन पुन्हा पुन्हा गिरवली. मग कार्ड पुसून टाकलं.

वर्षाच्या आत सासरे गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून बायकोने सीडी लावायला सांगितल्या. संगणक घुरघुरत राहिला, फोटो एकही उघडला नाही.

मी तडक दुकानात गेलो. गिऱ्हाइकं उभी होती.

"गेलेल्या माणसाचे फोटो खाल्लेस तू."

"काका, तुमच्यासमोर उघडले होते ना?"

"दाखवलीस एक, दिलीस दुसरी."

तो एकदा गिऱ्हाइकांकडे बघून गप्प झाला. त्याचं गप्प होणं मी कबुली म्हणून घरोघर सांगितलं. इमारतीतली बारशी, लग्नं दुसऱ्या फोटोवाल्याकडे गेली. माझ्या बायकोने त्याच्या बायकोशी पापड लाटणं सोडलं.

पुढे पुरावा शोधायचा म्हणून मी त्यातली एक सीडी खिडकीच्या उजेडासमोर धरली. माझी सही उलटी, उजेडाच्या रेघांनी लिहिलेली दिसली. पेन फिरलं होतं तिथलं चकाकतं अस्तर खरवडून निघालं होतं. ते छापील बाजूच्या लगेच खाली असतं. सगळ्या सीडी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या आणि तोंड उघडलं नाही. त्याने दुकान बंद केलं, घर विकलं, चंदनसारला गेला, तेव्हाही नाही.

गेल्या महिन्यात बायकोला सांगितलं.

"म्हणजे बाबा तुमच्या सहीखाली गेले," ती म्हणाली. मग तिने मोबाइलवर त्याचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"तुझ्याकडे त्याचा नंबर कसा?"

"अहो, आत्ताही तेच? बोला आधी."

"बोला काका," पलीकडून तो म्हणाला. "आता काय बिघडलं?"

मी सगळं सांगितलं.

"इमारतीत सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग मला कशाला सांगता? माल चांगला होता हे मला ठाऊकच होतं." त्याने फोन ठेवला.

ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. सीडी चांगल्या होत्या. त्या मी बिघडवल्या.