गुलबर्ग्याच्या चटणीपर्यंत

त्या सकाळीही मी आधी चूल सारवली, रांजण भरला, कडक भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसले. हे तुरीच्या खरेदीला गुलबर्ग्याला निघाले होते. तीन दिवसांच्या फेरीला यांना शेरभर चटणी लागे. उंबऱ्यात जोडे चढवता चढवता हे नेहमीसारखं म्हणाले, "गुलबर्ग्याला गंगव्वाच्या खानावळीत शेंगदाण्याची चटणी असते. लोक दुसऱ्यांदा मागून घेतात." समोर माझ्या सासूबाई वाती वळत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मी मुसळ तेवढं जोरात आपटलं. नऊ वर्षं मी ते आपटत होते. त्या फेरीहून आले आणि महिन्याभरात तापानं हे गेले.

याला दोन वर्षं झाली. धाराशिवला आमच्या घराची पुढची खोली कचेरीच्या रस्त्यावर आहे. तारखेला आलेले खेड्यातले लोक दिवसभर तिथं उपाशी ताटकळतात. तिथं खानावळ घालावी असं माझ्या मनात होतं. दिरांना तिथं तुरीची पोती ठेवायची होती. ते म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. दादाला सुदिक घरच्यापेक्षा गुलबर्ग्याचीच चटणी गोड लागायची. मग परक्यानं तुमच्या हातचं का खावं?"

गेलेल्या माणसाचं म्हणणं खोडायला मी कोण? म्हणून ठरवलं, की वाटेतल्या खानावळी बघत गुलबर्ग्याला जायचं आणि ती चटणी खायची. जमली तर शिकून यायचं. नाही जमली तर खोली पोत्यांना. दिरांना सांगितलं, आत्याबाईंना शरणबसप्पाचं दर्शन घडवून आणते. देवाला ते नाही म्हणू शकले नाहीत.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून सर्व्हिस मोटार कोळशावर चालते. मागे भट्टी असते, तेव्हा जाणार असाल तर मागच्या बाकावर बसू नका आणि पांढरं लुगडं नेसू नका. मी दोन्ही केलं. नळदुर्गच्या चढावर मोटार थांबली आणि बाप्यांना ढकलायला उतरवलं.

"तिकीट काढून वर ढकलायचं?" आत्याबाईंनी कंडक्टरला विचारलं.

"अम्मा, बिना तिकीट ढकलनेवाला मिलताच नै," तो म्हणाला.

नळदुर्गला चहाच्या दुकानावर पाटी होती: 'ब्राह्मणांचे स्वच्छ चहा-फराळगृह'. खाली रंगवलेला मोर, एक पाय आखूड. मी गुळाच्या पुडीचे कागद वाचून अक्षरं शिकले, त्यामुळे पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढं जाववत नाही. आत्याबाई लिंगायताच्या घराबाहेर पाणी पीत नाहीत. चहा मात्र प्यायल्या.

"आत्याबाई, चहात पाणी असतं."

"माझ्या कपात दूध हुतं," त्या म्हणाल्या आणि आणखी एक मागवला.

उमरग्याला तीच पाटी, तोच लंगडा मोर. पुढं आळंदलाही तोच. शेवही सगळीकडे सारखीच मऊ पडलेली. मला वाटलं, कुणी मोठा मालक असावा, गावोगाव दुकानं घालणारा. आळंदच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "न्हाय बाई. मालक येगळे. रंगारी एकच हाय."

मुक्काम उमरग्याला लिंगायत खानावळीत केला, तो जरूर करा. तिथं आधी पाट, पाण्याचा तांब्या आणि विभूती पुढं येते. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय कुणी जेवणाचं नावही काढत नाही. मग हुलग्याचं कढण, पिठलं, भाकरी, आणि आडवा हात धरला तरी वाढतच राहतात. आत्याबाईंचा निकाल: "मीठ कमी." हा निकाल त्यांनी पुढं सगळीकडे दिला.

हे घरी येऊन सांगत, त्याच क्रमानं सगळं येत होतं. चिंचेची रांग, फुटका पूल, मग काळी सपाट रानं. पुढं काय येणार ते मला आधीच माहीत असे. शेजारी आत्याबाई डुलक्या घेत होत्या, त्यामुळे कुणाला सांगता येत नव्हतं.

गुलबर्ग्याला दर्शन झाल्यावर स्टेशनाजवळच्या उडप्याकडे गेलो. संगमरवरी टेबलं, आरसे आणि पडदा लावलेली 'फ्यामिली रूम'. पोऱ्यानं आमच्यामागं डोकावून पाहिलं. "साथ में मर्द कौन?" कुणी नाही म्हटल्यावर त्यानं पडदा परत ओढला. आम्ही सासू-सून होतो, फ्यामिली नव्हतो. बाहेरच्या बाकावर इडली मिळाली. आत्याबाईंनी ती बोटानं दाबून पाहिली. "भाजायचा कंटाळा आला म्हणून उकडली व्हय?" मला आवडली.

गंगव्वाची खानावळ धान्याच्या मोंढ्याच्या मागं. पाटी नाही, मोर नाही. साठीची, अंगानं भरलेली बाई दारातच "बर्री, बर्री, या" म्हणत आली. आम्ही बसलो. जोंधळ्याची पातळ रोटी, भरलं वांगं, वरण, कारळ्याची चटणी. चटणी चांगली होती. नऊ वर्षं सांगत राहावं इतकी नव्हती.

मी म्हटलं, "तुमच्याकडे शेंगदाण्याची असते म्हणे."

"ती मुगीतु, संपली. दोन वर्सं झाली. आमी कुठं करत हुतो? धाराशिवचे एक अप्पा डबा भरून आणायचे."

मला यांचं नाव घेऊन विचारायचं होतं, पण ते माझ्या तोंडी कसं येणार? आत्याबाई म्हणाल्या, "शिवाप्पा?"

"व्हय, त्येच! डबा ठिवायचे अन् म्हणायचे, गंगव्वा, समद्या पंगतीला वाढ, कुणाची ते सांगू नगं. मग त्या खांबापाशी बसून लोकांची तोंडं बघायचे. कुणी दुसऱ्यांदा मागितली की आपलेच हसायचे. आता येत न्हाईत. कुठं असत्यात?"

"गेला," आत्याबाई म्हणाल्या. "माझा ल्योक. ही त्याची बायकू."

गंगव्वाच्या हातातली पळी तशीच राहिली. मी ताटातली रोटी संपवली. वाढलेलं टाकायची मला सवय नाही. खांबाला पाठ टेकायच्या जागी तेलकट डाग होता, तो जाताना पाहिला.

मोटारीत मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"डबा शेराचा. एकटं माणूस तीन दिसांत शेरभर चटणी खातंय व्हय? माझ्यासमोर तुझी तारीफ कशी करंल त्यो? म्हणून गंगव्वाची करायचा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू रागानं मुसळ आपटायचीस," त्या म्हणाल्या, "चटणी झ्याक बारीक व्हायची."

घरी आलो तर पुढच्या खोलीत पोती रचून झाली होती. दीर दारात उभे. "काय वहिनी, शिकलात का?"

"नाही भाऊजी. तिथं ती कुणालाच येत नाही."

ते हसले. आत्याबाई चपला काढत म्हणाल्या, "पोती मागच्या पडवीत लाव." मग त्यांनी खांबाजवळची सगळी हकिकत दिरांना सांगितली, मिठासकट. दिरांनी वरचं एक पोतं खाली उतरवलं.

प्रवासाचं काय राहिलं म्हणाल, तर पांढऱ्या लुगड्यावरचा कोळसा, तो गेला नाही. आणि यांच्या निघण्याच्या त्या सगळ्या सकाळी. हे उंबऱ्यात उभे राहून माझंच कौतुक मला सांगत आणि मी मान वर करून बघतही नसे. उघड बोलले असते तर आत्याबाई रुसल्या असत्या, मी लाजून मीठ विसरले असते. तरी एकदा वर बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चूल सारवली, रांजण भरला, दिरांना पोती हलवायला हात दिला आणि दोन शेर शेंगदाणे भाजायला घेतले.