जाफराबादला नेलेले बोंबील

तलासरीच्या बाजारात मी सुकी मासळी घेऊन बसते. गेल्या महिन्यात सुकटीचा वाटा घ्यायला पाड्यावरची एक पोर आली. कडेवर मूल, नवरा गुजरातच्या बोटीवर खलाशी. मूल मोबाइलची काच चाटत होतं आणि "बाबा, बाबा" करत होतं.

"बघा ना आजी," पोर म्हणाली, "बाप घरी आला की हा त्याला ओळखायचाच नाही."

मी म्हटलं, "तुझ्या पोराच्या बापाला निदान तोंड तरी आहे. माझ्या लेकीचा बाप काळा कुळकुळीत होता, त्याला पिळाची दोरी होती आणि तो वाण्याच्या गल्ल्याशेजारी बसलेला असायचा."

ती हसली, म्हणून मी तिला सगळी हकीकत सांगितली. तीच इथे लिहिते आहे, पण थोडी दुरुस्त करून. कारण बाजारात सांगताना मी स्वतःला फारच शहाणी दाखवलं होतं.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. डहाणूच्या किनाऱ्यावर आमच्या होड्या पहाटे जायच्या आणि दुपारी यायच्या. सासऱ्यांच्या काळी तेवढ्यात घर भागायचं. मग समोर मोठे ट्रॉलर फिरायला लागले आणि आमच्या जाळ्यांत म्हावऱ्यापेक्षा कचरा जास्त यायला लागला. तिकडे सौराष्ट्रात मोठ्या बोटी होत्या, माणसं कमी. इकडे माणसं भरपूर, होड्या रिकाम्या. मग काय होणार? नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहिला की तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, सात-आठ जणांना गोळा करून निघायचा. काही आमच्या आळीतले, काही तलासरीकडचे, भाताची लावणी उरकून आलेले. परत यायचे ते ज्येष्ठात. त्यामुळे आमच्या आळीतली झाडून सगळी पोरं फाल्गुन ते वैशाख या तीन महिन्यांत जन्मलेली. शाळेत नाव घालताना गुरुजी चक्रावले, "तुमच्याकडे श्रावणात मुलं होतच नाहीत का हो?" माझी सासू म्हणाली, "गुरुजी, श्रावणात आम्ही त्यांच्या बापांना निरोप देतो. आता पुढचं तुम्हीच मोजा." गुरुजींनी हजेरीपटात तोंड खुपसलं.

माझी लेक चैत्रातली. चार महिन्यांची असताना बाप बोटीवर गेला. बोट बंदराला लागली की तो वाण्याच्या दुकानात फोन करायचा. वाणी हाक मारायचा, मी धावत जायची आणि रिसीव्हर पोरीच्या कानाला लावायची. "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" असं तो दर वेळी ओरडायचा, आणि ती खुदुखुदू हसायची. मी तिला शिकवलं, "बाबा! हा बघ बाबा!" शिकवणी इतकी उत्तम झाली की ती दुकानावरून जाताना त्या फोनकडे हात करून रडायला लागली. मला केवढा अभिमान! सगळ्या आळीला सांगत सुटले, माझी लेक किती हुशार, बापाला विसरली नाही.

ज्येष्ठात बाप आला. दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि पोरीने जी बोंब ठोकली ती चौथ्या घरी ऐकू गेली. मी म्हटलं, "अगं, बाबा!" तर ती लटपटत थेट वाण्याच्या दुकानात, आणि फोनला मिठी. वाणी हसला, आळी हसली, नवराही हसला. मग मागच्या दारी जाऊन जाळं विणायला बसला आणि जेवायला बोलावलं तरी उठला नाही.

"या वर्षी नाही जायचो," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. चारोटीला हायवेवरच्या हॉटेलात कामाला लागला. आठ दिवस टिकला. दर्यात जन्मात कधी ज्याला बोट लागली नव्हती, त्याला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघून मळमळायला लागलं. पोर त्याच्या मांडीवर बसायला लागली तोवर नारळी पुनव आली. तो गेला. आणि ती पुन्हा फोनची झाली.

मार्गशीर्षात माझ्या डोक्यात आलं की पोरीला घेऊन मीच तिकडे जावं. चार दिवस बापाच्या अंगाखांद्यावर खेळली की ओळख पक्की. सासूला सांगितलं.

"जा," ती म्हणाली. "पण दर्यावरच्या माणसाकडे जाताना तो किनाऱ्यावर कधी असतो ते विचारावं, एवढं मला ठाऊक आहे."

"आई, नवराच आहे माझा. मी येते म्हटल्यावर थांबेल की!"

"बोट त्याच्या बापाची का गं?"

मी ऐकलं नाही. एकवीस वर्षांच्या बाईला सल्ला देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वर माझी आणखी एक अक्कल. आमच्या बाजारातले गुजराती शेजारी मासळीच्या पाट्या दिसल्या की नाकाला रुमाल लावायचे. त्यावरून मी ठरवून टाकलं की अख्खा गुजरात शाकाहारी, आणि माझा नवरा तिथे खिचडी-कढीवर वाळत चालला आहे. मी निवडून निवडून सुके बोंबील गोणीत भरले. लग्नातला शालू नेसले, डोक्यात अबोलीचा गजरा माळला. एका हातात पोर, एका हातात गोणी. दोन गाड्या आणि एक बस. बसमध्ये माझ्याशेजारी कोणी बसलं नाही. मला वाटलं, शालूचा मान ठेवतात.

जाफराबादला उतरले आणि समोर बघते तर बोंबीलच बोंबील! नजर पोचेल तिथवर बांबू रोवलेले, त्यांना दोऱ्या ताणलेल्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. माझ्या गोणीतले तर त्यांच्यापुढे पेन्सिली. बोटीच्या मालकाची म्हातारी आई तिथे दोरीशी उभी होती, सगळे तिला बा म्हणत. तिने गोणीत डोकावलं आणि पोट धरून खाली बसली.

"अरे बेन, तू तो दरिया मां मीठुं नाखवा आवी!"

दर्यात मीठ टाकायला आलीस, हे कळायला गुजराती यावं लागत नाही. आणि नवरा? बोट कालच बाहेर पडली होती, चार दिवसांनी येणार. सासूचा चेहरा डोळ्यांपुढे आला. शालू आवरून मी जेटीच्या पायरीवर बसले, तर पायरी माशांच्या पाण्याने बुळबुळीत. शालूसकट दोन पायऱ्या खाली. माझी पोर मात्र टाळ्या वाजवत होती.

बाने जाळी ठेवायच्या खोलीत जागा दिली. नुसतं बसून खाणं माझ्याच्याने होईना, म्हणून मी दोरीशी गेले. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची. लहानपणापासून माझ्या बोटांना सवय. बाच्या तीन जोड्या होईतो माझ्या पाच. ती बघत राहिली. मग म्हणाली, "डहाणूवाळी, ही तुझी आवडत तिकडेच का सडवलीस?" आवडत म्हणजे हातातलं कसब.

चौथ्या दिवशी बोट आली. खलाशी उतरले, सगळे सारखेच काळवंडलेले, डोक्याला फडकी. माझा नवरा मला बघून असा थबकला की मागच्याच्या हातातली टोपली त्याच्या पाठीला लागली. त्याने पोरीकडे हात केले. पुन्हा तीच बोंब! बोटीवरचे सगळे बघत होते. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन गाड्या, एक बस, एक शालू, सगळं फुकट.

तो बर्फाच्या पेट्यांच्या आड गेला आणि ओरडला, "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?"

पोर गप्प. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग माझ्या कडेवरून उतरली आणि लटपटत पेट्यांमागे गेली. मी जाऊन बघितलं तर ती त्याच्या तोंडात बोट घालून आवाज कुठून येतो ते तपासत होती. आणि त्याच्या डोळ्यांना धार लागलेली. मला म्हणाला, "बर्फ आहे गं, बर्फाने होतं."

परत निघायच्या दिवशी ती त्याच्या मानेवरून उतरेचना. मी ओढली तर मलाच चावली. बा म्हणाली, "रहा. दोरीला हात हवेतच." म्हणून चार दिवसांसाठी गेलेली मी ज्येष्ठापर्यंत राहिले. बोट बाहेर गेली की पोर जेटीवर जाऊन बसायची, आली की बापाला सोडायची नाही. त्या गावाने तिला बाप दिला, आणि भाषाही दिली.

आम्ही तिघं डहाणूला आलो तेव्हा सासू दारात उभी. सहा महिने नातीची वाट बघितलेली. तिने हात पसरले. माझी लेक बापाच्या मागे लपली आणि म्हणाली, "आ कोण छे?"

मी तर मेल्याहून मेले. सासूने हात खाली घेतले, पदराला पुसले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "एकाची ओळख करायला गेलं की दुसऱ्याची पुसते. मला काही घाई नाही. पावसाळा पडलाय अख्खा, आणि मला कुठल्या बोटीवर जायचं नाही."

मग ती ओटीवर बसली आणि कुणाकडे न बघता ताडगोळे सोलायला लागली. एक सोलला, स्वतः खाल्ला. दुसरा सोलला, बाजूला ठेवला. पोर एक पाऊल पुढे आली, मग दुसरं. तिने आधी ताडगोळा घेतला, मग सासूच्या मांडीवर जागा.