चुकीच्या जागी आलेली दाद

"मावशी, आयरिश पोएट्री फेस्टिवलला तुझं नाव दिलंय," भाची म्हणाली, तेव्हा मी पासपोर्ट कुठे ठेवलाय तेच आठवू लागले.

"अगं, आयर्लंडचं डब्लिन नाही. आपल्या ओहायोच्या डब्लिनपासून दीड तास, एका फार्मवर. ड्राइव्ह मी करते."

माझी शाळा सातवीतच सुटली. इथे मी मराठी घरांना पोळ्या करून देते आणि कणीक मुरेपर्यंत वहीत चार ओळी लिहिते. त्यातली एक कविता भाचीने इंग्रजीत करून पाठवली. त्या लोकांनी बोलावलं, राहायला खोलीही दिली. उपकारच वाटले, आणि त्यामुळे दडपणही आलं. रविवारी मी अख्खी कविता मराठीत वाचायची, मग भाचीने इंग्रजीत. ती अख्खी वाचून होईल की नाही, याचाच मला घोर.

शनिवारी आम्ही नुसतं ऐकायला बसलो. धान्याचं जुनं कोठार, घडीच्या खुर्च्या. एक उंच आजोबा, थेट आयर्लंडहून आलेले, आईवर कविता वाचत होते. कवितेत मधेच त्यांनी तिची कोंबड्यांना बोलवायची हाक मारली. इंग्रजी निम्मं कळलं नव्हतं, हाक मात्र पूर्ण कळली. माझ्या तोंडून मोठ्यांदा "वा!" गेलं.

सगळं कोठार वळून बघायला लागलं. आजोबांची ओळ चुकली.

"मावशी, इथे असं नसतं करायचं. मधे बोललं की डिस्टर्ब होतं."

"मग आवडलं हे कळतं कसं?"

"शेवटी टाळ्या. तोवर गप्प."

चहाच्या वेळी मी आजोबांना दोनदा सॉरी म्हटलं, पुढची वाक्यं जुळेनात. ते भाचीला काहीतरी विचारत होते, ती हात हलवून समजावत होती. साखर न घालताच मी चहा ढवळत राहिले.

रविवारी उभी राहिले. शाळा सुटली तेव्हा आईने माझ्या दप्तराची दळणाची पिशवी केली, त्याची ती कविता. आपल्याकडे ओळ दोनदा वाचतात. कोणीतरी "वा" म्हणतं, ती ओळ परत वाचायची, मग पुढे जायचं. मीही पहिली ओळ दोनदा वाचली. कोणी हूं की चूं केलं नाही. नियम माहीत होता, तरी मी कान देऊन थांबले. दुसरं कडवं संपलं, तरी तेच. शेवटचं कडवं आईचं. ते सोडावं आणि बसावं, असं ठरवून मी वही मिटायला घेतली.

"व्हा," मागून कोणीतरी म्हणालं.

तेच आजोबा. भाचीने कालच त्यांना 'वा'चा अर्थ आणि रीत, दोन्ही सांगितलं होतं म्हणे. फक्त कुठे म्हणायचं ते राहिलं होतं. मी नुसती वही मिटत होते, त्यालाच दाद मिळाली.

मला हसू आलं. वही उघडली आणि आईचं कडवं सुरू केलं. आई पिशवी घेऊन गिरणीकडे निघते, त्या ओळीच्या ऐन मध्यात पुन्हा "व्हा". ओळ अजून संपलीसुद्धा नव्हती. पण दाद आली की ओळ परत वाचायची असते, म्हणून मी आईला पुन्हा घराच्या दारात आणलं आणि तिच्याबरोबर तिथून निघाले.