शांतीच्या कागदावर पालक कोन?

आश्रमात वाढलेल्या आपल्या समद्यास्नी हे पत्र. वाचून फुडं धाडा.

आपली शांती मॅट्रिक पास झाली. कॉलेजात फीमाफी मिळावी म्हनून आज आमी दोघी नगरला गेल्तो.

कारकून म्हनला, "बापाच्या उत्पन्नाचा दाखला आना."

शांती म्हनली, "बाप न्हाई जी."

"मग मयताचा दाखला आना."

"त्यो मेला का जित्ता हाय, ते बी ठाऊक न्हाई."

"मग पालक म्हणून लिहू कुणाला, पोरी?"

शांतीच्या डोळ्यात पानी आलं. मी सातवीत साळा सोडलेली, लोकांम्होरं बोलाया लाजते. पर तोंडातनं निघालंच, "मला लिवा."

"वय किती तुझं?"

"सतरा. आमी दोघी आश्रमातल्या."

त्यो हसला, पर वंगाळ न्हाई. "वर्षभर थांब, मग तुझी सही चालंल. तोवर आश्रमाच्या बाईंची सही आण, सोमवारच्या आत."

आपल्याला वाढवलेल्या बाई आता अकोल्याला ऱ्हात्यात. उद्या पैल्या यष्टीनं मी निघनार, सही घेऊनच येनार.

शांतीच्या मागनं आश्रमात आनखी चार पोरं हायेत. फुडच्या सालापास्नं त्यांच्या कागदावर सही मी करनार हाय. तुमची तर अठरा कवाच सरली. तुमच्यातलं कोन कोन करंल?